एकशे चव्वेचाळीस

पहिल्याच भेटीत सोलेनने गुल्वेनच्या हातातून कीबोर्ड हिसकावून घेतला होता.

ब्रिटनीतल्या एका बंदराच्या गावी, नगरपालिकेत ती जन्म-लग्नाच्या नोंदी करायची. आणि हा लालसर दाढीचा संगणक दुरुस्तीवाला तिचा जुना कीबोर्ड काढून नवा, चिमुकला, उजवीकडचे आकडेच नसलेला बसवायला निघाला होता.

"नावांतल्या मोठ्या E वरची तिरकी रेघ मग कशी देऊ? ऑल्टची कळ दाबून उजवीकडे एकशे चव्वेचाळीस मारावं लागतं."

"रेघ नसली तर कुणी मरतं का?"

"लोकांनी अर्धंच नाव घेऊन घरी जायचं का?"

तो हसला... आणि जुना कीबोर्ड राहिला. दर मंगळवारी त्यात नवा बिघाड शोधत तो येऊ लागला. ती कपाळाला आठ्या घालायची. सोमवारी मात्र न चुकता केस धुवायची.

दोन महिन्यांनी तो आला तो गप्पगप्पच.

"उद्यापासून मला ब्रेस्ट शहरात पाठवतायत."

सोलेनने नजर कीबोर्डवर वळवली. "बरं झालं," ती म्हणाली, "माझा कीबोर्ड सुटला."

"शेवटचं एकदा तपासून बघ. ऑल्ट दाबून हे आकडे मार, प्रत्येकाचं एक अक्षर उमटेल." चिठ्ठी सरकवून तो दाराकडे वळला.

समोर लग्नाच्या सूचनांचं पान उघडं होतं. तिथेच ती आकडे मारत गेली. एकशे चव्वेचाळीस, एकशे बारा, एकशे अकरा... डोळे भरलेले, नजर चिठ्ठीवर. पडद्याकडे बघत टंकायची तिला सवयच नव्हती. खिडकीसमोरच्या रांगेतली कुजबुज थांबल्याचंही तिला कळलं नाही.

"अगं पोरी," रांगेत पहिल्या असलेल्या केर्वेला आजी म्हणाल्या, "काय लिहितेयस ते वाच तरी."

तिने मान वर केली. पहिलं अक्षर तिचं नेहमीचंच, तिरक्या रेघेचं मोठं E. आणि त्यापासून सुरू होणारं फ्रेंच वाक्य... 'माझ्याशी लग्न कर.'

तेच वाक्य दालनातल्या भल्यामोठ्या पडद्यावरही झळकत होतं. सगळं गाव माना वर करून वाचत होतं. दारात गुल्वेन, कानापर्यंत लाल.

"हे... बाहेरही दिसतं?"

"तूच तर तो पडदा जोडून गेलास, गेल्या मंगळवारी."

तिने पुन्हा कीबोर्डकडे पाहिलं. बोटंच पुढे झाली. 'हो.' त्या शब्दावर एकही रेघ नव्हती, आकडे लागलेच नाहीत.

गुल्वेन धावतच खिडकीशी आला.

"लग्नाच्या नोंदीला रांग असते," ती कशीबशी म्हणाली.

तो मुकाट्याने रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. केर्वेला आजींनी मागे वळून पाहिलं, पिशवी उचलली आणि बाजूला झाल्या. मग त्यांच्यामागचे... एकेक करत सगळेच.