दोन दारांच्या मधे

दौंडच्या बाजारात बारीक जाळीचा एकच तागा उरला होता, आणि तोही कुणीतरी आधीच खांद्यावर टाकला होता.

"अहो… ती जाळी मला पाहिजे व्हती!" अंकिता धापा टाकत म्हणाली.

तो वळला. पिवळाधमक टी-शर्ट, केसांवर रस्त्याची धूळ, आणि डोळ्यांत मिश्कील हसू. "मलाबी पाहिजे हाय की. न्हावऱ्याच्या रस्त्याला रोपांची नर्सरी हाय माझी. तुम्हाला कशाला? मच्छरदाणी शिवायची का?"

"मशरूमला. चिलटं पडलीत."

तो हसला नाही. आजवर ज्याला ज्याला तिनं हे सांगितलं, तो हसला होता. म्हणून असेल… पण अंकिता त्या अनोळखी माणसाला सगळं सांगत सुटली. भांडगावला आप्पांनी, तिच्या वडिलांनी, जुना गोठा तिला दिला होता. त्यात ती धिंगरी मशरूम लावायची. पहिलं पीक झकास आलं. मग कुठून तरी ही तिळाएवढी काळी चिलटं घुसली. ज्या भुशावर मशरूम उगवायची त्यातच अंडी घालायची, अळ्या मशरूमचे देठ पोखरायच्या. आणि आप्पांनी बजावलं होतं, हेही पीक गेलं तर गोठ्यात कांदा भरायचा आणि तिच्यासाठी स्थळं बघायची.

"अर्धी अर्धी करू," तो म्हणाला. "पण बसवणार मी. लोकं ढिली बसवतात, आन् मग जाळीला शिव्या घालतात."

त्याचं नाव सत्यजीत.

तो खरंच आला. खिडक्यांना त्यानं जाळी अशी ताणून बसवली की बोटानं वाजवली तर टणटण आवाज यावा. मग दाराच्या आत हातभर अंतरावर दुसरं दार केलं.

"बाहेरचं लागल्याशिवाय आतलं उघडायचं न्हाई. आन् मधी जरा थांबायचं. अंगावर चिलटं आली असली तर इथंच झटकायची."

मधली जागा जेमतेम एका माणसाची. त्यात दोघं उभे. ओल्या गोणपाटाचा गार वास, आणि त्याच्या शर्टाला रोपांच्या मातीचा.

"किती वेळ थांबायचं?" अंकितानं जाळीकडं बघत विचारलं.

"तुम्ही म्हणाल तेवढा…"

तिनं घाईघाईनं आतलं दार उघडलं.

पण चिलटं कमी होईनात. सगळीकडं जाळी, तरी येतात कुठनं? सत्यजीत भुशाच्या पिशव्यांच्या, म्हणजे बेडच्या, रांगांमधून वाकून बघत फिरत होता, आणि अंकिता एकदम ओरडली, "थांबा! हलू नका!"

"साप हाय का?"

"न्हाई… तुमची पाठ बघा!"

त्याच्या त्या पिवळ्या टी-शर्टावर चिलटंच चिलटं बसली होती. तिला हसू आवरेना. मग तिनं त्याला गोठ्यात कोपऱ्याकोपऱ्यात उभं करून बघितलं. दाराजवळ दोन-चार, खिडकीपाशी तेवढीच, मागच्या भिंतीला मात्र पाठ भरून गेली.

"माणसाचा काय उपयोग करावा याला काही मर्यादा…" तो पुटपुटला.

"गप उभे राहा. छान दिसताय."

मागच्या भिंतीत खालच्या बाजूला फट होती आणि भिंतीपलीकडं जुन्या बेडचा सडका भुसा. खत होईल म्हणून तिनंच तिथं टाकलेला. चिलटं तिथं वाढत होती आणि फटीतून आत येत होती. दोघांनी मिळून तो ढीग शेताच्या पार टोकाला नेला, प्लास्टिकनं झाकला, फट सिमेंटनं बुजवली. पिवळ्या रंगाला चिलटं भुलतात हे कळलंच होतं; मग पिवळ्या पत्र्याच्या पट्ट्यांना चिकट एरंडेल फासून आत टांगल्या.

चिलटं कमी होऊ लागली. पण संपली नव्हती, आणि नवे कोंब टाचणीच्या डोक्याएवढे वर आले होते. त्याच वेळी आप्पा पाठीवर फवारणीचा पंप घेऊन दारात उभे राहिले.

"पोरी, बास झाला खेळ. एक फवारा मारतो, सगळी मरत्याल."

"आप्पा, ही कोवळी हायत! कुणाच्या तरी ताटात जाणार हे. विष मारून विकू व्हय?"

आप्पांनी सत्यजीतकडं बघितलं. सत्यजीतनं मान खाली घातली. "हलका मारला तर… पीक तरी वाचंल."

अंकिताला ते गालावर चापट बसल्यासारखं लागलं. "तुम्हीपण? मग जावा तुम्ही. ही तुमची नर्सरी न्हाई."

सत्यजीत बाहेर पडला. मोटारसायकल गेल्याचा आवाज तेवढा आला. आप्पांनी लेकीचा चेहरा बघितला आणि पंप उतरवून ठेवला. "कर तुझ्या मनासारखं."

नंतरचे दिवस ती गोठ्यातच होती. पट्ट्या पुसायची, पुन्हा तेल लावायची, किडका बेड दिसला की बाहेर काढायची. मधल्या जागेत थांबायची तेव्हा मात्र ती जागा आता उगाच मोठी वाटायची.

आणि एका सकाळी बेडवर पांढरेशुभ्र झुबके उमललेले होते. आप्पांनी एक देठ मोडून उजेडात धरला. आत भोक नाही, अळी नाही. त्यांनी दुसरा मोडला, तिसरा मोडला.

"अहो पुरे की, सगळी मोडता का काय!" मागून आई म्हणाली, आणि अंकिता हसता हसता मटकन खालीच बसली.

"कांदा बाहेर भरू," आप्पा म्हणाले. थोडं थांबून, दुसरीकडं बघत, "त्या पोराला दाखवून ये जा. त्योबी राबराब राबलाय."

चौफुल्यापासून पुढं न्हावऱ्याच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या, धूळ, आणि स्कूटीवर अंकिता. नर्सरीत तो रोपांचे ट्रे उचलत होता. तिला बघून ट्रे हातातच राहिला.

"आलं पीक," ती म्हणाली. "न फवारता."

"वाटलंच व्हतं… मी चुकलो तवा."

"का बोललात तसं? तुम्हाला कळत न्हाई असं थोडंच हाय."

त्यानं ट्रे खाली ठेवला. "घाबरलो व्हतो. गोठ्यात कांदा भरला असता, तर मला भांडगावला यायला कारणच काय उरलं असतं?"

वाऱ्यानं कोवळी रोपं एकदम लवली. अंकिता एक पाऊल पुढं आली.

"कारण लागतंय व्हय तुला?"

'तुला' दोघांनीही ऐकलं. सत्यजीतनं इतका मोठा श्वास सोडला की पलीकडं रोपं भरणाऱ्या बायांनी माना वर करून बघितलं.

"मग… उद्या आईला घेऊन येऊ?"

"उद्या कशाला?" अंकिता म्हणाली. "आप्पा आज घरीच हायत."