सतराव्या रोपाची ओल

सतराव्या रोपाच्या बुडाशी माती ओली होती. सुरुवात एवढ्यावरूनच झाली.

तुम्ही म्हणाल, माती ओली असण्यात घाबरण्यासारखं काय? पण अडीच महिन्यांत पावसाचा थेंब नव्हता. धरणाच्या वरच्या उतारावर, आमच्या कुंपणाच्या आत, बोट खुपसायला गेलं तर नख मोडेल अशी जमीन झाली होती. शिवाय या रोपांना आम्ही पाणी घालतच नाही. पहिली दोन वर्षं घालतो, तिसऱ्या वर्षी बंद. स्वतःच्या मुळांनी पाणी शोधून जगली तर ती रानातली, नाहीतर कुंडीतली, असं ताईंचं म्हणणं. ताई म्हणजे आमच्या प्रकल्पाच्या प्रमुख. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मी गुडघे टेकून बसले होते. गळ्यातल्या वॉकीटॉकी सेटचं बटण दाबलं आणि म्हणाले, "ताई, सतरा. जिवंत आहे. पण... ओलं आहे इथं."

"सतरा, जिवंत," खालून सेटवर ताईंचा आवाज आला. मोजणीची आमची हीच रीत होती. एकीने रोपाच्या बिल्ल्यावरचा आकडा वाचायचा, दुसरीने तो परत उच्चारायचा, मग पहिलीने वहीत लिहायचा, म्हणजे चूक होत नाही. "ओलं म्हणजे काय गं? दव असेल."

"दुपारी तीन वाजता?"

"मग चौकीदाराचे उद्योग. सांगितलं होतं त्याला."

सांगितलं होतं खरं. सकाळी फाटकातून आत येतानाच ताईंनी त्याला बजावलं होतं, कुणी पाणी घालायचं नाही. त्यावर तो हसून म्हणाला होता, "घरच्या कुंडीत तांब्याभर पाणी ओतत नाही म्हणून बायको रोज उद्धार करते माझा. तुमच्या सुनांना कोण घालतंय!"

सुना हा नानांचा शब्द. नाना म्हणजे आमच्या रोपवाटिकेतले माळी. या झाडाचं पुस्तकातलं नाव लांबलचक, उच्चारताना जीभ अडखळणारं. नाना म्हणायचे, "यांचं माहेर धरणाच्या पाण्यात बुडालं, आता इथं सासरी आणल्यात. नांदतायत का बघू." खरंच तसं होतं. दरी भरली तेव्हा या जातीची सगळी झाडं पाण्याखाली गेली. उरली ती फक्त दोन, खालच्या कड्यावर, पाण्याच्या वर हातभर उंचीवर. त्या दोघींच्या बियांपासून नानांनी चौसष्ट रोपं केली आणि या उतारावर लावली.

नाना आता नाहीत. सात महिन्यांपूर्वी ते त्याच कड्यावर गेले आणि परत आले नाहीत. शोधणाऱ्यांना त्यांची काठी मिळाली. ते मिळाले नाहीत.

आणि मोजणीच्या या दिवशी ताई त्याच कड्याखालच्या खडकावर होत्या. दोन मूळ झाडांची मापं घ्यायची होती. वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं, आमच्या धरणाची दारं बंद होती, पाणी हळूहळू चढत होतं, म्हणून "चारच्या आत वर येते" असं सांगून त्या उतरल्या होत्या. मी वरच्या ओळी मोजत होते. आणि माझ्या पिशवीत एक कागद होता.

त्या कागदाबद्दल सांगायला हवं. चौकशीचा शेवटचा कागद. त्यात लिहिलं होतं की नाना 'परवानगीशिवाय, कोणालाही न कळवता, स्वतःच्या जबाबदारीवर' कड्यावर गेले. ताईंची सही व्हायची होती, साक्षीदार म्हणून माझी. पाच वाजता तो वरच्या कार्यालयात पोचणार होता. एकदा पोचला की काकूंना, म्हणजे नानांच्या बायकोला, रोपवाटिकेतली खोली महिनाअखेर सोडावी लागणार होती. नियमच तसा. कामावर असताना माणूस गेला तर घरच्यांना खोली राहते. आपल्या मनाने कुठे गेला तर नाही.

आणि नाना मनाने गेले नव्हते. मी पाठवलं होतं.

रानातलं बी नेहमी कागदाच्या पाकिटात ठेवायचं, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. त्या आठवड्यात पाकिटं संपली होती. मी बी प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, तोंड घट्ट बांधलं आणि सुट्टीवर गेले. तीन दिवसांनी येऊन बघते तर पिशवीला आतून घाम, आणि वर्षाचं सगळं बी बुरशीने पांढरं. मी तिथंच खाली बसून रडायला लागले. नानांनी पिशवी हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाले, "रडू नकोस पोरी. कड्यावर चार शेंगा फुटायच्या राहिल्यात अजून. ताईंना विचारतो नि जातो."

मी म्हणाले, "ताईंना नको. तुम्ही गुपचूप आणा ना."

एवढंच. सात महिने हे वाक्य माझ्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलेलं होतं.

असो. अठरा, एकोणीस, वीस. सगळी कोरडी, सगळी जिवंत. एकवीस गेलेलं होतं. बाविसाव्यापाशी पोचले तेव्हा पाण्यावरून धुकं वर चढू लागलं. आधी धरणाची भिंत गेली, मग पलीकडचा डोंगर, मग खालचं कुंपण. आवाजही एकेक करून विझल्यासारखे झाले. आणि वास आला. पाणी ओसरल्यावर तळाचा गाळ उघडा पडतो ना, तसा. थंड, शिळा.

"ताई, बावीस. जिवंत."

"बावीस, जिवंत."

"ताई, तेवीस."

उत्तर नाही.

"ताई... तेवीस, जिवंत."

सेटमधून नुसती खरखर. मी मुळातच भित्री. कुकरची शिट्टी झाली तरी दचकते, घरी सगळे हसतात. त्यामुळे स्वतःला समजावलं, कड्याच्या आडोशाला गेल्या असतील, येईल आवाज. गप्प राहण्यापेक्षा बोलत राहणं बरं म्हणून आकडे मोठ्याने म्हणत पुढे सरकले. चोवीस. पंचवीस. सव्वीस. बिल्ला उचलायचा, आकडा म्हणायचा, पुढे जायचं. प्रत्येक रोप कोरडं होतं, हे मी बोट लावून बघत होते.

तिसाव्यापाशी पेन्सिल हातातून पडली आणि उतारावरून मागे घरंगळत गेली. उचलायला वळले.

एकोणतीस ओलं होतं.

अठ्ठावीस ओलं होतं. त्याच्या मागचं सत्ताविसावंही. धुक्यात जिथपर्यंत दिसत होतं तिथपर्यंत, मी मोजून सोडलेल्या प्रत्येक रोपापाशी एकेक काळा ओला डाग. झारीने सांडतं तसं पसरट नाही. ओंजळभर, चढाच्या बाजूला, नेमकं असं की पाणी उतरत मुळाशी जावं.

तसं पाणी घालणारा एकच माणूस मला माहीत होता. ताई कितीही रागावल्या तरी मोजणीच्या दिवशी नाना मागून ओंजळ घेऊन यायचे. म्हणायचे, "आपण मोजलेलं तहानलेलं ठेवू नये."

मी तिसाव्याकडे पाहिलं. त्याचा आकडा अजून म्हटला नव्हता. माती कोरडी, भेगाळलेली. तोंडातून निघू नये म्हणून मी ओठ दातांखाली धरले. पण मनात म्हणून झालंच होतं बहुतेक. कारण माझ्या डोळ्यांदेखत त्या भेगेत पाणी उतरलं. वरून पडलं नाही. कुठून आलं ते दिसलं नाही. फक्त माती काळी होत गेली, आणि गाळाचा वास एकदम जवळ आला... शेजारी कोणीतरी वाकलं असावं इतका जवळ.

पळावं तर कुठे? फाटक वर, ताई खाली. आणि ताई बोलत नव्हत्या. पाणी चढत होतं, खडक निसरडा, आणि त्या नेमक्या त्याच जागी उभ्या होत्या.

मी सेट तोंडाशी धरला. "ताई, वर या. ताई, ऐकताय का? वर या!" खरखर. "ताई, उत्तर द्या ना." खरखर. दहा वेळा, वीस वेळा. मग मला रडू फुटलं, आणि रडता रडता सात महिन्यांचा काटा बाहेर आला. "ताई, बी मी सडवलं. पिशवीत मी ठेवलं होतं. नाना विचारून जाणार होते, मीच म्हटलं ताईंना नको. ते मनाने नाही गेले, मी पाठवलं. कागदावर खोटं लिहिलंय. काकूंची खोली... ऐकलंत का? कोणीतरी बोला ना..."

बटण सोडलं. खरखरही थांबली होती.

तेवढ्यात खालून दगड घरंगळले आणि धुक्यातून ताई वर आल्या. धापा टाकत, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. मी त्यांचा हात धरला. गरम होता. माणसाचा होता.

"अगं, काय झालं? भूत बघितल्यासारखी काय उभी आहेस?"

"ताई, मी केव्हाची बोलावतेय..."

"ऐकू कसं येणार? सेट गेला माझा पाण्यात. खडकावर ठेवून माप घेत होते, तेवढ्यात पाणी चढलं. पार तळाला गेला." त्यांनी रिकामे हात दाखवले. "जाऊ दे, दुसरा मागू. धुकं बघ काय आलंय, मोजणी पुरे आजची. तो कागद आणलायस ना? इथंच सही करून टाकते, मग थेट वरच्या कार्यालयात."

म्हणजे त्यांनी काहीच ऐकलं नव्हतं.

खरं सांगते, मला हायसं वाटलं. घशातला काटा बाहेर पडला होता आणि कोणाला दिसला नव्हता. पुन्हा गिळता आला असता. मी पिशवीतून कागद काढला, घडी उलगडली, खाली वही धरली. ताईंनी पेनाचं टोपण दातांत धरलं आणि माझ्या नावासमोरच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"आधी तू कर."

मी पेन घेतलं.

माझ्या गळ्यातल्या सेटचा हिरवा दिवा लागला. ताईंनीही तो पाहिला. त्यांचं बोट कागदावर तसंच राहिलं. आमच्याकडे दोनच सेट होते.

आतून आधी पाण्याचा आवाज आला, खोल, सावकाश. मग कोणीतरी श्वास घेतला, आणि मला उत्तर मिळालं.

"ऐकलं, पोरी. आता ताईंना सांग."