एक ठोका

टण्.

दुपारच्या सामसुमीत चमचा नळाच्या पाइपावर आपटला आणि तिच्या हातातली पेन्सिल नकाशावर घसरली. मोरीच्या उंबऱ्याशी तिची चार वर्षांची लेक ठकी पाठमोरी बसली होती.

"पुरे गं. डोकं उठलं माझं."

ठकीने मान वळवली नाही.

डोंगरातल्या ओस खाणी बुजवण्याआधी आत उतरून मापं घ्यायची, हे तिचं काम. काल लेकीला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून बरोबर नेऊन रखवालदारकाकांपाशी बसवलं. त्यांचा डोळा चुकवून पोर बोगद्यात शिरली. पहिल्याच वळणावर सापडली. काळोखात, भिंतीकडे तोंड करून, गप्प उभी. तिने लेकीला कडेवर घेतलं आणि जवळजवळ धावतच बाहेर आली.

खाणीच्या तोंडाशी रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. बाहेर येणाऱ्याने त्यावर दगडाने एक ठोका द्यायचा, ही तिथली जुनी रीत. ज्याचा ठोका नाही, तो आतच आहे असं धरायचं.

तिने एक ठोका दिला.

"आणि हिचा?" काकांनी विचारलं.

"कडेवरच तर आहे. ओझ्याचा वेगळा ठोका देतात का, काका?"

काका हसले नव्हते.

कालपासून ठकी खेळली नव्हती, हट्ट केला नव्हता. दोनदा न्हाऊ घातलं, तरी कानामागे तांबडी माती होतीच. आता फरशीवर तिच्या पावलांचे ओले ठसे दिसत होते. मोरी तर सकाळपासून कोरडी होती.

टण्.

तिने काकांना फोन लावला. "खाणीचं तोंड बंद केलं?"

"सकाळीच. भिंत पुरी झाली." काका घुटमळले. "गवंडी म्हणतो, आतून कुणी ठोकतंय. मी म्हटलं, पाणी ठिबकत असेल, बाबा."

"कसं ठोकतंय?"

"एकेकच. थांबून थांबून."

टण्. पाइप वाजला.

"हे बघा," काका फोनवर म्हणाले, "आत्तासुद्धा."

तिने फोन तसाच टाकला. लेकीला उचलून छातीशी घट्ट धरलं. अंग गार होतं. केसांना ओल्या दगडाचा वास येत होता.

"आई," ठकी तिच्या गळ्याशी पुटपुटली, "तू मला न्यायला कधी येणार?"