जाळीवरची झुरळं

तळ्यातले मासे सकाळी उलटे तरंगत होते. दुपारी लाँड्रीवाली वहिनी ताईंच्या दारात उभी राहिली.

"अण्णा संध्याकाळी माझ्या दुकानाला कुलूप ठोकणार. म्हणे, माझ्या साबणानं मासे मेले. लेकरांना घेऊन जाऊ कुठे?"

ताई खासगी तपासाचं काम करत. त्यांनी लगेच चपला घातल्या. मागोमाग त्यांचे यजमान, भावोजी, निघाले, धापा टाकत.

लाँड्रीच्या मोरीत ताईंनी निळीचं पाणी ओतलं. मागचं सांडपाण्याचं चेंबर निळं झालं. रस्त्याकडेचं गटार मात्र कोरडंच राहिलं.

शेजारचा ड्रायव्हर म्हणाला, "गाडी मी हिरवळीवर धुतो. पाणी मातीत मुरतं. रस्त्यावर धुतली तर बायको मलाच धुऊन काढेल!"

मग ताई अण्णांच्या बागेत गेल्या. अण्णा वसाहतीचे अध्यक्ष. डोळे सुजलेले. मासे रोज त्यांच्या हातून खायचे.

"गुलाब छान आहेत," ताई म्हणाल्या.

"काल सकाळीच औषध फवारलं. दुपारी नेमकी सर आली."

"फवारणीचा पंप मोरीत धुता?"

"छे! तिथे नातू आंघोळ करतो."

फाटकासमोरच्या गटाराच्या जाळीवर झुरळं उताणी पडली होती.

"अण्णांच्या दारात झुरळंही लोटांगण घालतात!" भावोजी हसले.

ताई हसल्या नाहीत. त्या गल्लीतली प्रत्येक जाळी वाकून पाहत गेल्या. बाकी सगळीकडे झुरळं टुणटुणीत होती.

संध्याकाळी लाँड्रीपुढे गर्दी जमली. अण्णांच्या हातात कुलूप होतं.

"थांबा," ताई हळूच म्हणाल्या. "वहिनीचं पाणी शुद्धीकरण केंद्रात जातं, गाडीचं मातीत मुरतं. रस्त्याच्या गटारातलं मात्र कुठेच शुद्ध होत नाही, अण्णा. ते सरळ तळ्यात उतरतं. मेलेली झुरळं फक्त तुमच्या जाळीवर आहेत. पंप तुम्ही तिथे धुतलात. सरीनं ते विष तळ्यात नेलं."

अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला. "मला वाटायचं, सगळी गटारं केंद्रातच जातात. घरात विष नको, म्हणून बाहेर ओतलं..."



"यापुढे लागेल तेवढंच औषध कालवा," ताई म्हणाल्या, "आणि पंप धुतलेलं पाणी त्याच गुलाबांवर फवारा."

अण्णा वहिनीकडे वळले. "पोरी, चारचौघांत तुला बोललो. आता चारचौघांतच ऐक." त्यांनी आवाज चढवला. "मासे मी मारले!"

वहिनीनं पदरानं डोळे पुसले, आत गेली आणि इस्त्री तापत ठेवली.