आडवं दार

माझा स्वभाव संशयी आहे. वजनकाटा समोर दिसत असला तरी मी भाजीची पिशवी हातात तोलून बघते. जुन्या इमारती दुरुस्त करण्याच्या धंद्यात हा स्वभाव कामाला येतो. ठेकेदार म्हणाला भिंत कोरडी आहे, की मी आधी भिंतीला हात लावते.

ती दगडी इमारत मूळची जकात कचेरी. तिथे एका कंपनीला ऑफिस हवं होतं. मालकांची अट एकच, जुनं काही फेकायचं नाही. आम्हा बहिणींचं एवढं मोठं हे पहिलंच काम. नकाशे माझे, वायरिंग आणि पाणी ताईचं. आम्ही छपरावर सोलर पॅनल बसवले, पावसाच्या पाण्यासाठी जुना हौद साफ केला, बुजवलेले झरोके मोकळे केले. भर दुपारीसुद्धा आत पंखा लागेना.

तळघरात एक सागवानी दार होतं, बाहेरून सरकती लोखंडी कडी असलेलं. सुतारानं ते उघडलं, तर मागे सलग दगडी भिंत. खोली नव्हतीच.

"मग कडी कुणासाठी?" सुतार हसला.

कडी मात्र वापरून वापरून गुळगुळीत झाली होती. मी त्या दाराचं मीटिंगचं टेबल करायचं ठरवलं. कडीची बाजू वर ठेवली, कडी अडकायला चौकटीची पट्टीही कडेला ठेवली. खालच्या वायरी दिसू नयेत म्हणून तीन बाजूंना फळ्या लावल्या. खिडकीकडची बाजू तेवढी उघडी.

ताईला ते मुळीच आवडलं नाही. "आडवं केलं म्हणून दाराचं टेबल होत नाही गं," ती म्हणाली.

ताई कुठल्याही दारावर दोनदा टकटक करते, थांबते, मग एकदा. लहानपणी त्याच खुणेवर मी आमच्या खोलीची कडी काढायची. आईला ती खूण शेवटपर्यंत कळली नाही. आई गेल्यापासून मला ताईशिवाय कुणी नाही, आणि ताई नोकरी बघतेय हे मला कळलं होतं.

टेबलाची कडी रोज सकाळी उघडी दिसू लागली. किल्ल्या आम्हा दोघींकडेच. वॉचमननं कानांवर हात ठेवले. माझ्या मनात पाल चुकचुकली. या कडीला मालक घाबरले, काम फिसकटलं, तर ताई सुटलीच की! मला फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला.

"कडी तूच काढतेस ना?" मी एका दुपारी विचारलंच.

"मी लावते," ताई म्हणाली. "रोज निघताना लावते. काढतं कोण, ते तू सांग."

"चोराच्या मनात चांदणं."

ताईनं चष्मा पुसला, पुन्हा लावला, स्क्रूड्रायव्हर घेतला. टेबलाखाली एक सॉकेट बसवायचा राहिला होता. वाकता वाकता ती म्हणाली, "मी खाली आहे तोवर कडीला हात लावू नकोस."

ती आत सरकली. स्क्रू फिरल्याचा आवाज येत होता. लख्ख ऊन होतं, खाली रस्त्यावर रिक्षा वाजत होत्या. एका टेबलाला एवढं काय भ्यायचं? मी कडी सरकवून लावली.

आवाज थांबला.

"ताई?"

मग खालून दार वाजलं. एकामागून एक ठोके, सारख्या अंतरानं, अजिबात घाई नसल्यासारखं.

"पुरे गं नाटक," मी म्हणाले आणि कडी काढली.

खिडकीच्या बाजूनं ताई बाहेर आली. कपडे झटकले. हसली.

"चूक माझीच होती," ती म्हणाली.

ताईच्या तोंडून हे वाक्य मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी तिला मिठीच मारली. मग लक्षात आलं, तिच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. मी वाकून टेबलाखाली पाहिलं. वायरी होत्या, सॉकेट अर्धवट लोंबत होता. चष्मा नव्हता, स्क्रूड्रायव्हरही नव्हता.

"राहू दे," ती म्हणाली. "आता लागत नाही."

मालकांना ऑफिस पसंत पडलं. त्यांनी आमची बसायची सोयही तिथेच केली. नोकरीचा विषय ताई काढत नाही. त्या टेबलावर कोपरं टेकवून ती वायरीवरची बारीक अक्षरं सहज वाचते. कडी रोज सकाळी लावलेली असते. मला हवं होतं ते सगळं झालं, मी खूश असायला हवं. पण ताई आता माझ्या केबिनमध्ये टकटक न करता येते.

काल दुपारी आम्ही त्या टेबलाशी समोरासमोर बसलो होतो. खालून आवाज आला.

टकटक.

मग थोडं थांबून, टक.

मी ताईकडे पाहिलं.

"पाइप असतील," ती म्हणाली. नजर कागदावरच.

त्या खोलीत पाइप नाहीत. पाण्याची सगळी आखणी ताईनंच केली होती.

पुन्हा टकटक. पुन्हा थांबून एकदा. या वेळी अगदी हळू.

मी कडीकडे हात नेला. तिचा हात आधीच तिथे होता.