दादाची ओळ

मोठ्या वाद्यवृंदाचं संगीत मोजक्या वाद्यांत बसवणं म्हणजे भल्यामोठ्या बंगल्यातलं बिऱ्हाड एका खोलीत लावण्यासारखं. काही ना काही बाहेर ठेवावंच लागतं आणि त्याची उणीव मात्र भासू द्यायची नाही. त्या संगीत-संयोजकाचा या कामात हातखंडा होता. या वेळी मात्र बाहेर राहिला होता त्याचा सख्खा दादा.

त्यांच्या पाच जणांच्या चमूत दादा क्लॅरिनेट वाजवायचा. हिवाळ्यात तो गेला आणि वहिनीनं आपल्या चेलोला, गजानं वाजवायच्या त्या मोठ्या तंतुवाद्याला, हात लावणं सोडलं. जेवणावरची वासनाही उडाली. ती डोळ्यांदेखत खंगत होती आणि ते दिराला बघवत नव्हतं. वाजवायला बसली तर सावरेल, या आशेनं त्यानं पाचांचं संगीत चौघांसाठी नव्यानं मांडलं. दादाच्या ओळीचे, म्हणजे त्यानं वाजवायच्या सुरावटीचे, तीन तुकडे केले आणि दोन व्हायोलिन व स्वतःचा व्हायोला यांत वाटून टाकले.

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये दुपारी तालीम सुरू झाली. मिनतवाऱ्या करून आणलेली वहिनी मुकाट्यानं वाजवत होती. संथ भाग आला. दादाच्या ओळीचा पहिला तुकडा दातांच्या डॉक्टरांकडे होता. त्यांनी व्हायोलिन खाली घेतलं.

"काय झालं, डॉक्टर?" संयोजकानं विचारलं.

"अहो, ही ओळ दुसरं कोणीतरी वाजवतंय. मला वाटलं, तुम्ही ऐन वेळी बदललीत."

पुन्हा सुरुवात केली. या वेळी डॉक्टरांनी आपला तुकडा रेटून नेला, पण पुढच्या तुकड्याला दुसऱ्या व्हायोलिनवरच्या मास्तरीणबाई अडल्या. "शेजारी वाजतंय हो..." त्या पुटपुटल्या. त्यांच्या शेजारची बाजू रिकामी होती.

संयोजक वैतागला. "एकमेकांवर ढकलू नका. माझा तुकडा ऐका आता." त्यानं गज तारेवर टेकवला आणि त्याच्या कानामागे कोणीतरी भसकन श्वास ओढला. क्लॅरिनेट फुंकण्याआधी दादा असाच ओढायचा. सगळे त्याला भाता म्हणून चिडवायचे. मग क्लॅरिनेटच्या आवाजात ती ओळ आली, तुकडे न झालेली, सबंध.

वहिनीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. हिवाळ्यानंतर पहिल्यांदाच.

"तुकडे कशाला केलेत, भावोजी? त्यांना नाही आवडत... वाजू द्या."

त्यानं तिथेच थांबवायला हवं होतं. पण तिचं हसू मोडायचा त्याला धीर झाला नाही. तिघांनी ती ओळ मोकळी सोडली आणि भीत भीत पुढे वाजवत राहिले.

ओळ संपली. मूळ संगीतात इथे दादाच्या क्लॅरिनेटला विश्रांती होती. पण तो सूर थांबला नाही. तो खाली खाली उतरत गेला आणि चेलोच्या ओळीवर येऊन बसला. अक्षरशः सुरावर सूर. वहिनीचा हात मंदावला. संयोजकाच्या लक्षात आलं. आपली ओळ जो सोडेल, त्याची ओळ दादा घेतोय.

"वहिनी, वाजवा! ती ओळ सोडू नका!"

डॉक्टर आणि मास्तरीणबाई खुर्च्या सरकवून उठले होते. त्यांची व्हायोलिनं गप्प होती. चेलो मात्र भरून वाजत होता, पूर्वी वाजायचा तसा.

"वहिनी... ऐकताय ना?"

"ओरडताय कशाला?" डोळे मिटूनच ती म्हणाली. "वाजवतेय की मी..."

तिचे दोन्ही हात मांडीवर होते आणि गज खाली फरशीवर पडला होता.