ऊनोचं पेट्रोल

ही गोष्ट खरी आहे. कुणाला पटली नाही तर राग नाही. ज्याच्या घरात ती घडली त्या लेस्टर कोर्पेलालाही ती पटलेली नाही, आणि तो तर रोज त्याच घरात नाश्ता करतो.

लेस्टर आमच्या गावच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा. अख्ख्या गावाने त्याच्याकडून मूलद्रव्यं पाठ केली आणि अख्खं गाव ती विसरलं. भुतांवर त्याचा विश्वास नाही. देवावर आहे, पण तो रविवार सकाळपुरता.

जागा म्हणाल तर मिशिगनचं अगदी वरचं टोक, कीविनॉ. सरोवरावरून येणारा बर्फ आधी आमच्या अंगणात उतरतो, उरला तर मग बाकीच्या जगाला.

वेळ... या जानेवारीतल्या वादळाची दुपार.

दुपार म्हणायची ती घड्याळाकडे बघून. खिडकीबाहेर ना आभाळ होतं, ना रस्ता.

पण त्याआधी ऊनोबद्दल सांगायला हवं.

ऊनो हार्यू लेस्टरच्या मागच्या घरात राहायचा. दोघांची मागची दारं समोरासमोर, मध्ये दोन्ही परसं. लेस्टरच्या घराचं तोंड एका लांबलचक गल्लीत, ऊनोच्या घराचं थेट हमरस्त्यावर. एकटा जीव. हिवाळ्यात रोज सकाळी तो बर्फ उडवायचा ब्लोअर बाहेर काढायचा. स्वतःचं फाटक राहू दे तसंच. आधी आपल्या मागच्या दारापासून लेस्टरच्या मागच्या दारापर्यंत वाट मोकळी करायचा. मग इंजिन बंद, बूट झटकले, आणि सायमाच्या टेबलावर कॉफी आणि वेलचीचा पाव.

सायमा म्हणजे लेस्टरची बायको.

"लग्न माझ्याशी केलंस आणि पहिला कप याला," लेस्टर म्हणायचा.

"तू काढ ना वाट. तुलाही देईन."

ऊनो काही म्हणायचा नाही. एकूणच तो काही म्हणायचा नाही. तोंड उघडायचा ते पेट्रोलच्या विषयावर. इथेनॉल मिसळलेलं घ्यायचं नाही. डबा भरला की लगेच पेट्रोल टिकवायचं औषध घालायचं. हंगाम संपला की टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करायचा आणि इंजिन आपोआप मरेपर्यंत चालू ठेवायचं. म्हणजे कार्ब्युरेटरच्या वाटीत थेंब उरत नाही. उरला तर उन्हाळ्यात त्याचा गोंद होतो, जेटचं बारीक भोक बुजतं, आणि पहिल्या बर्फाला माणूस दोरी ओढून ओढून खांदा उखडून घेतो. आमच्याकडे हे सगळ्यांनाच माहीत असतं. ऊनो ते करायचाही, एवढाच फरक.

मागच्या मार्चमध्ये ऊनो गेला.

वाट अर्धी झाली होती. त्याच्या बाजूची अर्धी. यंत्राला पाठ टेकून तो बर्फात बसलेला सापडला. इंजिन बंद. कॉकही बंद. शेवटच्या घटकेला माणसं देवाचं नाव घेतात, ऊनोने पेट्रोलचा कॉक फिरवला.

टाकी मात्र भरलेली होती.

आमच्याकडे एक रीत आहे. माणूस गेला की त्याच्या यंत्रातलं पेट्रोल त्याच्याच यंत्रात संपवायचं. अंगणात उभं करायचं, इंजिन मरेपर्यंत शेजारी थांबायचं. कुणी टोपी काढतं, कुणी सिगारेट पेटवतं. कारण विचारलंत तर जो तो कार्ब्युरेटरचं सांगेल.

पण मेलेल्याचं पेट्रोल दुसऱ्याच्या यंत्रात कुणी घालत नाही.

याचं कारण कुणी सांगत नाही.

ऊनोच्या घराची किल्ली लेस्टरकडे होती. ऊनोचा पुतण्या ॲरिझोनात, बर्फाचं नाव काढलं तरी शिंकणारा. वसंतात लेस्टरचा खुबा बदलला आणि रीत राहून गेली. नोव्हेंबरात तो ऊनोच्या शेडमध्ये गेला, टाकीचं झाकण उघडून वास घेतला. पेट्रोल स्वच्छ, जरासुद्धा आंबलेलं नाही.

हे उगाच जाळायचं? लेस्टर कॉफीचा चोथा दुसऱ्यांदा उकळणाऱ्या घराण्यातला. त्याने नळी लावली, डबा भरला आणि घरी येऊन आपल्या ब्लोअरमध्ये ओतला.

"हे बरं नाही केलंस," सायमा म्हणाली.

"रेणूला मालक नसतो, सायमा."

सायमाच्या नाकाशीही तेव्हा नळीच होती. तिची फुफ्फुसं थकली आहेत. घरात विजेवर चालणारं ऑक्सिजनचं यंत्र दिवसरात्र घुमत असतं. त्याची इतकी सवय, की ते दोघांनाही ऐकू येत नाही.

पहिला बर्फ पडला. लेस्टरने दोरी ओढली. पहिल्याच ओढीला इंजिन सुरू... असं त्याचं यंत्र कधीच सुरू झालं नव्हतं.

तो गल्लीकडे वळला. यंत्र खोकलं. थुंकलं. बंद पडलं.

पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच.

ढकलत परत आणताना ते मागच्या परसाकडे वळलं, तसं इंजिन असं काही जोरात सुरू झालं की लेस्टरला ते धरून ठेवावं लागलं.

गल्लीकडे तोंड केलं की मरायचं. ऊनोच्या घराकडे तोंड केलं की रेशमासारखं.

तो ते घेऊन ट्रेव्हॅरोच्या दुकानात गेला. ट्रेव्हॅरो गावातली सगळी छोटी इंजिनं दुरुस्त करतो. त्याने कार्ब्युरेटर खोलला, वाटी उजेडात धरली.

"मास्तर, या वाटीत मी सूप पिईन. काही नाही हिच्यात."

"मग चालत का नाही?"

"चालतंय की. तुम्हाला हवं तिकडे चालत नाही, एवढंच. माझी बायको तशीच आहे." मग त्याने बोट बुडवून हुंगलं. हसणं थांबलं. "पेट्रोल कुणाचं?"

"पंपावरचं."

"पंपावर कॉफी मिळते, मास्तर. पेट्रोलमध्ये घालून नाही देत."

लेस्टरने घरी येऊन टाकी उपसली. उपसलेलं गावाच्या कचरा डेपोवर नेऊन दिलं. नवी नळी, नवा फिल्टर, नवा प्लग, नवं पेट्रोल. यंत्र तसंच. धुराला वेलचीचा मंद वास...

आणि आणखी एक.

त्याने इंजिन बंद केलं, की परसाच्या पलीकडे एक इंजिन बंद व्हायचं. किंचित उशिरा.

"प्रतिध्वनी," लेस्टर म्हणाला.

ताज्या बर्फात प्रतिध्वनी उमटत नाही. बर्फ आवाज गिळतो. हे त्यानेच पोरांना शिकवलं होतं.

त्याने ब्लोअर गॅरेजमध्ये लावून टाकला. गल्ली साफ करायला माणूस लावला. आणि मग जानेवारीत ते वादळ आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली.

घरातलं घुमणं थांबलं. तेव्हा कुठे ते इतके दिवस चालू होतं हे ऐकू आलं.

जनरेटर होता. पण वसंतात खुब्याच्या गडबडीत त्याचीही वाटी रिकामी करायची राहिली होती. आता आत पेट्रोल नव्हतं, मध होता. जेट मोकळं करायला वेळ हवा आणि उजेड हवा. लेस्टरकडे यातलं काहीच नव्हतं. लहान सिलिंडर सायमाला जोडला, तोही अर्धा वापरलेला. काटा लाल पट्टीकडे सरकत होता.

फोन वाजला. ऑक्सिजनची गाडी चालवणारी डार्लीन. लेस्टरची जुनी विद्यार्थिनी.

"सर, वीज गेली म्हणून मोठा सिलिंडर आणलाय. पण तुमच्या गल्लीच्या तोंडाशी बर्फ लोटणाऱ्या गाडीने डोंगर केलाय. हमरस्ता तेवढा मोकळा आहे. मी ऊनो हार्यूंच्या फाटकाशी उभी आहे."

"तिथूनच परसातून आण."

"ट्रॉलीवरचा सिलिंडर आहे, सर. छातीएवढ्या बर्फातून ढकलला तर तो मिळेल तुम्हाला जूनमध्ये. आणि मीही. तुम्ही तुमच्या बाजूने वाट काढा ना. तुमचा ब्लोअर इकडे छान धावतो म्हणे."

"कोण म्हणालं?"

"ट्रेव्हॅरो. म्हणजे... सगळेच."

लेस्टरने फोन ठेवला. गल्लीतून मार्ग नाही. मार्ग एकच. आपल्या मागच्या दारापासून ऊनोच्या मागच्या दारापर्यंत.

मार्चपासून अर्धा राहिलेला.

"काय... बघतोस?" सायमा म्हणाली. तिचे ओठ निळसर दिसत होते. वाक्याच्या मध्ये ती थांबत होती.

"ती वाट एकदा झाली की दोन्ही बाजूंनी चालता येतं, सायमा."

"मला... एकाच बाजूची... घाई आहे."

लेस्टर गॅरेजमध्ये गेला. कॉक उघडला. चोकला हात लावायच्या आत दोरी ओढली गेली. आपण ओढली, असं तो सांगतो. सांगताना हाताकडे बघतो.

इंजिन सुरू झालं.

बाहेर पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. स्वतःचे हात दिसत नव्हते. यंत्र मात्र चाललं होतं. त्याने वळवलं नाही, वेग ठरवला नाही, तो फक्त मागून लंगडत गेला. बर्फ एका बाजूला उडत होता. वारा कुठला आहे हे बघून त्याने बर्फ फेकणारं नळकांडं फिरवलं नव्हतं...

ते आधीच फिरलेलं होतं.

परसाच्या मध्यावर, जिथे ऊनो बसलेला सापडला होता, तिथे यंत्र अचानक हलकं झालं.

पात्यात बर्फच येईना.

लेस्टरने इंजिन बंद केलं. पुढे वाकून पाहिलं.

पुढे वाट होती. तयार. दोन्ही कडा सुरीने कापल्यासारख्या. वरून एवढा बर्फ ओतत होता आणि तिच्या जमिनीवर एक कण बसलेला नव्हता.

समोरून काहीतरी खडखडत आलं. डार्लीनची ट्रॉली.

"थांबलात कशाला, सर? झाली की पूर्ण."

"ही बाजू मी नाही काढली."

"मग कोणी? मी गाडीतच बसले होते. इंजिनाचा आवाज माझ्या अगदी जवळ आला, म्हणून तर उतरले."

दोघांनी मिळून सिलिंडर आत नेला. जाताना तिने घाईघाईत कॉफीला नको म्हटलं. आमच्याकडे कॉफीला नको म्हणणं म्हणजे शिवी देण्यासारखं, पण तिला कुणी काही म्हणालं नाही.

सायमाच्या ओठांवर रंग परत आला. संध्याकाळी ती पहिलं अख्खं वाक्य बोलली.

"मागच्या दाराला कडी लावू नकोस."

त्यानंतर कितीही बर्फ पडो, सकाळी ती वाट मोकळी असते.

लेस्टरने रीत पूर्ण केली. उशिरा का होईना. ऊनोचं यंत्र अंगणात काढून त्याच्या टाकीच्या तळाशी राहिलेले चार थेंब त्यातच जाळले. स्वतःचंही यंत्र रिकामं केलं, वाटीचा स्क्रू काढून ती उलटी केली. टोपी काढून उभा राहिला, भुतं न मानणाऱ्याला जेवढा परवडेल तेवढा वेळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनाचा आवाज आला. जवळ येत गेला. मागच्या दारापाशी बंद झाला.

"उघड," सायमा म्हणाली. "थंडी आहे बाहेर."

"बाहेर कुणी नाही."

"मग उघडायला तुझं काय जातंय?"

त्या दिवशी लेस्टरने उघडलं नाही. वीज होती. ऑक्सिजनचं यंत्र घुमत होतं. नळीत कुठे पीळ नव्हता. तरी सायमाचा श्वास तोकडा व्हायला लागला... मग आणखी तोकडा... तिने टेबलाची कड धरली. ती लेस्टरकडे पाहत नव्हती, दाराकडे पाहत होती.

लेस्टरने दार उघडलं. तिचा श्वास मोकळा झाला.

तेव्हापासून तो रोज उघडतो. बाहेर कुणी नसतं. लगेच लावत नाही. एका माणसाला बूट झटकून आत यायला लागतो तेवढा वेळ धरून ठेवतो. मग टेबलापाशी ओढलेल्या दोन खुर्च्यांकडे न बघता आपला कप घेऊन पुढच्या खोलीत जातो. मागून सायमाचं बोलणं ऐकू येतं. ती विचारते, थांबते, आणि मग हसते. थांबते तेवढ्या वेळात घरात कसलाच आवाज नसतो.

डॉक्टर म्हणाले, तब्येत सुधारली आहे. कशाने, ते त्यांना सांगता आलं नाही. ऊनो तिला श्वास देतोय की मोजून परत घेणार आहे, हे लेस्टरला कळत नाही. विचारणार कुणाला? ऊनो कधीच बोलका नव्हता.

आता एप्रिल लागला आहे. परसातला बर्फ उतरतोय. वाट कडेने वितळत चालली आहे, मध्ये मध्ये माती दिसते. गावात सगळ्यांनी कॉक बंद करून यंत्रं आवरायला घेतली आहेत.

परवा लेस्टरने धीर केला.

"सायमा, एखाद्या सकाळी तो आत असला, आणि तेवढ्यात बाहेरची वाट संपली... तर तो परत जाणार कसा?"

सायमा पावाला लोणी लावत होती. तिने मान वर केली नाही.

"तेच म्हणणार होते तुला. मागची खोली रिकामी करून ठेव."